दुधाचेच दांत ना?

“दुधाचेच दांत ना? ते पडायचेच आहेत. त्यांचें एवढें काय?” वर्गांतल्या एखाद्या लहान मुलाचा गाल सुजलेला पाहून आम्ही घरीं निरोप धाडला कीं, बहुधा हेंच उत्तर आमच्या कानीं येतें. असें म्हणणारी माउली निष्काळजी असते असें मुळींच नाहीं. मुलाच्या तापांत ती रात्र रात्र जागते. परंतु दांत म्हणजे हाडाचा निर्जीव खुंटा, एक गेला तर दुसरा येईल, अशी तिची समजूत झालेली असते. ही समजूत घातक आहे असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि दांत घडतो कसा हें पाहिलें म्हणजे तें कोणासही पटेल.

दांताची घडण सुरू होते ती मूल आईच्या उदरांत असतांना. गर्भ सुमारें सहा आठवड्यांचा झाला कीं, हिरडीच्या जागीं वरच्या थराची एक पट्टी आंत वळते व तिच्यावर कळ्यांसारखे फुगवटे येतात. कळीची टोपी होते, टोपीची घंटा होते. घंटेच्या अस्तरांतील पेशी दांताचें बाहेरचें शुभ्र कवच, म्हणजे एनॅमल, घडवितात. घंटेच्या पोकळींतील पेशी त्याखालचें डेंटीन घडवितात. सर्वांत आंत रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांचा मऊ गाभा राहतो.

अशा दांताचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरिला तर मोठी मौज दिसते. एनॅमल वजनानें शेंकडा सुमारें ९६ भाग खनिज असून आपल्या शरीरांत त्याहून कठीण पदार्थ नाहीं. त्याच्या बारीक दांड्या एकमेकींस बिलगून उभ्या असतात, आणि झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें त्यांत वाढीच्या रेषा दिसतात. दुधाच्या दांतांतील एक रेषा तर जन्मवेळेची असते! दांत घडत असतां मुलास मोठें आजारपण आलें किंवा पोटास पुरेसें मिळालें नाहीं, तर त्याचीही खूण एनॅमलवर राहूं शकते. डेंटीनमध्यें एका चौरस मिलिमीटरांत हजारों सूक्ष्म नळ्या असून त्या गाभ्याकडे जातात. कीड तेथवर पोंचली म्हणजे थंड पाण्याचा घोट घेतांच मूल कळवळतें तें यामुळेंच.

आतां मुख्य मुद्दा. मोडलेलें हाड सांधतें, खरचटलेली कातडी भरून येते. परंतु एनॅमल घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांच नाहींशा होतात. आरंभींची थोडी झीज लाळेंतील खनिजांनीं भरून निघते. पण एकदां भोंक पडलें कीं तें बुजवावयास कारागीरच उरलेला नसतो.

हें भोंक पाडणारे कोण? हॉलंडांतील डेल्फ्ट येथील लेव्हेनहुक यानें १६८३ सालीं आपल्या दांतांवरील मळ भिंगाखालीं पाहिला, तों त्यांत असंख्य जीव वळवळतांना दिसले. पुढें बर्लिन येथें संशोधन करणाऱ्या मिलर यानें १८९० च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, तोंडांतील जंतु साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करितात आणि तें आम्ल दांतांतील खनिज विरघळवितें.

“तरी पण दुधाचे दांत पडणारच ना?” होय, पडणारच, परंतु ज्याच्या त्याच्या वेळीं. पडलेला दांत कौलांवर फेंकण्यापूर्वीं एकदां निरखून पाहा. त्यास मूळ बहुधा दिसणार नाहीं, कारण खालून नवा दांत वर येतांना तें विरघळून जातें. तोंवर हा वीस दांतांचा संच येणाऱ्यांची जागा राखून असतो. तो कुजून अकालीं गेला तर शेजारचे दांत त्या जागेंत कलतात व पुढचे वेडेवांकडे येतात. मुळाशीं पू झाला तर खालीं घडत असलेल्या नव्या दांतासही इजा होऊं शकते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ पालकांस ठाऊक नसते. सुमारें सहाव्या वर्षीं दुधाच्या दाढांच्या मागें चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठीं एकही दांत पडत नाहीं, म्हणून त्याही दुधाच्याच समजल्या जातात. वास्तविक त्या जन्मभराच्या असतात; त्या गेल्या तर पुन्हां येत नाहींत.

या बाबतींत आम्ही शिक्षकही निर्दोष नाहीं. पाढे बिनचूक म्हटले कीं हातावर गोळी ठेवण्याची रीत आम्हीही पाळली आहे. ती आम्ही सोडीत आहों. यापुढें बक्षीस पेन्सिलीचें. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल सात-आठ वर्षांचें होईतों त्याचे दांत, विशेषतः रात्रीं निजण्यापूर्वीं, स्वतः फ्लोराइडयुक्त पेस्टनें घांसून द्यावे. गोड खाणें जेवणाबरोबर असावें, दिवसभर चघळणें नसावें. आणि सहावें वर्ष लागलें कीं दिव्याच्या उजेडांत त्याचें तोंड उघडून ती मागची दाढ शोधावी. दांतावर काळा डाग किंवा भोंक दिसल्यास गाल सुजण्याची वाट न पाहतां दंतवैद्याकडे न्यावें.

निसर्ग दांत दोनदांच देतो. तिसऱ्यांदा ते दुकानांतूनच आणावे लागतात!