नाव आठवत नाही, काम आठवतं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत उभी हयात घालवलेला मोल्डर लॅडलकडे बोट दाखवून ‘ते... ओतायचं ते आण’ म्हणू लागला, तर सोबतचे काय म्हणतील? घेतलेली दिसतेय. सुपरवायझर म्हणेल, कान गेले. घरचे म्हणतील, वय झालं. साचा मात्र तो पूर्वीसारखाच बिनचूक बसवत असतो, भिशीचा हप्ताही विसरत नाही. जातात ते शब्द, आणि महिन्यागणिक जास्त जातात.

हा आजार आहे. मेंदूतला भाषेचा भाग, बहुतेकांत डावीकडचा, हळूहळू झिजत जातो. अमेरिकेत मार्सेल मेसुलम यांनी 1982 मध्ये असे सहा रुग्ण नोंदवले. ‘डाय हार्ड’वाल्या ब्रूस विलिसचंही आधी बोलणं अडखळलं, 2023 मध्ये निदान जाहीर झालं. पुष्कळदा हा आजार साठीच्या आत, ऐन नोकरीतच गाठतो. वाचा एकाएकी गेली तर पक्षाघाताची शंका घेऊन लगेच दवाखाना गाठायचा, हे आता लोकांना कळतं. सावकाश गेली की सगळेच गाफील राहतात.

त्यात फाउंड्रीत हा आजार लपतो. मशिनच्या आवाजात अर्धं काम खुणांवरच चालतं. बिहारहून आलेल्या कामगाराची तर भोजपुरीच हरवत चालली, तरी इथं कोणाला कळणार? ‘त्याला मराठी येत नाही’ म्हणून विषय संपतो.

डॉक्टरांकडेही मराठीतली साधनं तोकडी आहेत. हा आजार स्मृतिभ्रंशाच्याच कुळातला, आणि आयसीएमआरने स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी बनवलेल्या चाचणीसंचाच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यात नव्हती, हे आपल्याला लागायला हवं होतं.

कारखान्यांच्या आरोग्य तपासणीत कान, डोळे, छाती बघतात. तिथंच पाच मिनिटं कामगाराशी त्याच्या भाषेत बोला, रोजच्या वापरातली दहा हत्यारं दाखवून नावं विचारा. शंका आली तर मेंदूविकारतज्ज्ञ आणि वाचोपचारतज्ज्ञ गाठा. आजार बरा होत नाही, पण उपचारांनी बोलणं काही काळ टिकवता येतं. शिरोलीतल्या कारखानदारांच्या ‘स्मॅक’ या संघटनेने यात पुढाकार घ्यावा. कारण ज्याला ‘बाजूला हो’ वेळेत ओरडता येत नाही, तो तेराशे-चौदाशे अंशांच्या रसाजवळ स्वतः धोक्यात असतो आणि इतरांनाही धोक्यात घालतो. त्याला भट्टीपासून हलवा, दुसरं काम द्या, आणि पगार कापू नका.