पदोन्नती नाकारल्यावर साहेबांचं काम सुरू होतं

पदोन्नती हुकली की माणूस बिघडतो आणि त्याला वेळीच ताळ्यावर आणावं लागतं, हे मत अमरावती-अकोल्याच्या सरकारी कार्यालयांत, सहकारी बँकांत आणि शिक्षणसंस्थांत फार खात्रीनं सांगितलं जातं. कालपर्यंत ज्याच्या टिपणीवाचून फाईल हलत नव्हती, तो आता घड्याळ पाहून उठतो. बैठकीत तोंड उघडत नाही, सांगितलं तेवढंच करतो. मग त्याला मेमो निघतो किंवा बदलीचा आदेश निघतो. साहेब मायाळू असतील तर "जाऊ दे ना बाप्पा, कायले मनावर घेतं" एवढ्यावर भागतं. हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत, कारण त्यांच्यामागचं निदानच चुकीचं आहे. हुशार माणूस नकारानं क्वचितच खचतो. नकाराचं कारण त्याला कुणी सांगत नाही, तेव्हा तो खचतो.

समोरच्या पक्षाचं सर्वांत भक्कम म्हणणं आधी घेऊ. पदोन्नती हा कुणाचा हक्क नाही, असं ते म्हणतात आणि कायद्यानं ते खरं आहे. पण तोच कायदा पुढे काय सांगतो, ते कुणी वाचत नाही. पात्र कर्मचाऱ्याचा पदोन्नतीसाठी विचार होणं हा राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाखालचा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं अजितसिंग खटल्यात १९९९ साली स्पष्ट केलं. २००८ चा देव दत्त खटला तर प्रत्येक कार्यालयप्रमुखानं वाचावा असा आहे. देव दत्त या सीमा रस्ते सेवेतल्या कार्यकारी अभियंत्याला पदोन्नतीसाठी लागोपाठ पाच वर्षांचा 'अति चांगला' शेरा हवा होता. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात मात्र 'चांगला' असा शेरा पडला होता. शेरा वाईट नव्हता, म्हणून तो त्यांना कळवलाच नाही. त्याच एका शब्दानं त्यांची वाट अडली. न्यायालयानं सांगितलं की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. म्हणजे कारण सांगणं हा साहेबांच्या मोठेपणाचा प्रश्न उरलेला नाही, ते कर्तव्य आहे.

दुसरं म्हणणं, जागाच नाहीत. हे पुष्कळदा खरं असतं. मंजूर पदं मोजकी असतात, आरक्षणाची बिंदुनामावली असते, ज्येष्ठतासूचीवर वर्षानुवर्षं वाद चालतात. पण वर जागा नसली म्हणजे खालच्या माणसाची योग्यता गोठवावी लागते, हे मात्र मान्य करता येत नाही. आपल्याच देशानं याचा फार मोठा धडा घेतलेला आहे. मे १९७२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. विनोद शहा यांनी वरच्या पदाच्या निवडीत डावललं गेल्यावर आयुष्य संपवलं. अशा मृत्यूला एकच कारण चिकटवू नये, पण त्यानंतर शास्त्रज्ञांच्या निवडीची पद्धतच चौकशीखाली आली आणि ते काम निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या समितीकडे गेलं. १ नोव्हेंबर १९७३ ला कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ स्थापन झालं, तर १ ऑक्टोबर १९७५ ला कृषी संशोधन सेवा सुरू झाली. रिकाम्या पदाची वाट न पाहता कामाचं मूल्यमापन करून शास्त्रज्ञाला वर नेण्याची सोय या सेवेत होती. ज्या अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ उभं आहे, तिथल्या लोकांनी तरी हा इतिहास जवळचा मानावा. राज्य शासनाची दहा-वीस-तीस वर्षांची आश्वासित प्रगती योजनाही याच जाणिवेतून आलेली आहे. मात्र ती वेतन देते. काम आणि अधिकार देत नाही, आणि हुशार माणसाचं दुखणं बहुधा तिथेच असतं.

आता बदलीचं पाहू. आमच्या विभागात नाराज माणसाला मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याला पाठवण्याची जुनी खोड आहे. याचा मला मनापासून राग येतो. मन मोडलेला, सूड घेतला गेला असं समजणारा माणूस ज्या मेळघाटाला सर्वांत उत्साही माणसांची गरज आहे तिथेच पाठवायचा, ही त्या माणसाला शिक्षा आहेच, पण तिथल्या कोरकू आदिवासी कुटुंबांना ती जास्त मोठी शिक्षा आहे. त्यांनी काय गुन्हा केला?

त्याहून वाईट प्रकार प्रभारीपणाचा. पद रिक्त राहतं, समितीनं ज्याला अपात्र किंवा अपुरा ठरवलं त्याच्याकडेच त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार येतो, कारण काम दुसऱ्या कुणाला येत नाही. सही त्याची, जबाबदारी त्याची, चौकशी लागली तर उत्तरही त्यानंच द्यायचं. तो पात्र नसेल तर कार्यभार देऊ नका. पात्र असेल तर पुढच्या समितीपुढे त्याच कामाची लेखी नोंद ठेवा. यात मधली वाट नाही.

जॉन स्टेसी ॲडम्स या मानसशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये मांडलं होतं, की माणूस आपण काय देतो आणि आपल्याला काय मिळतं याची तुलना शेजारच्या माणसाशी करतो, आणि तोल बिघडलेला वाटला की आपलं देणं कमी करतो. घड्याळ पाहून उठणारा कर्मचारी नेमकं हेच करत असतो. त्याला आळशी म्हटल्यानं तोल सावरत नाही.

मग साहेबांनी करायचं काय? निकाल लागल्याच्या आठवड्यात त्याला स्वतः बोलवावं. नोटीस बोर्डावरून किंवा चहाच्या टपरीवर त्याला कळू देऊ नये. अहवाल समोर ठेवावा आणि कुठल्या निकषावर तो मागे पडला ते सांगावं. निकष नव्हता, ज्येष्ठता होती, तर तसंही सांगावं. समितीची चूक झाली असेल तर फेरविचाराची आणि पदोन्नतीच्या मानीव दिनांकाची वाट त्याला आपण होऊन दाखवावी. "पुढच्या वर्षी पाहू" हे वाक्य मात्र उच्चारू नये. पुढच्या समितीआधी काय पूर्ण व्हायला हवं ते लिहून द्यावं आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसावं. साहेबांच्या हातात पद नसतं, पण काम असतं. एखादा प्रकल्प त्याच्या नावानं, निर्णयाच्या अधिकारासह त्याला देता येतो. वरिष्ठांकडे जाणाऱ्या टिपणीवर त्याचं नाव ठेवता येतं. कौतुकाची शाल आणि नारळ याला पर्याय नाहीत.

कर्मचाऱ्यालाही मी सूट देत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या पाणीपुरवठा योजनेचा व्हॉल्व्ह-न्-व्हॉल्व्ह माहीत असलेला अभियंता रुसून बसला, तर त्याच्या रुसव्याची किंमत साहेब देत नाहीत, घागर घेऊन उभी असलेली बाई देते. आपल्यावर अन्याय झाला असेल तर अर्ज करावा, अपील करावं, न्यायाधिकरणात जावं. कारण सांगितलं, काम दिलं, मुदत दिली, तरीही वर्षभर कुणी टाळाटाळच करत राहिला, तर मेमो काढणाऱ्या साहेबांच्या बाजूनं मी उभा राहीन. पण त्या क्रमानं.

आणि कधी कधी या कार्यालयात त्याला खरोखरच वाट नसते. तेही त्याला स्पष्ट सांगावं. पुण्या-नागपूरला किंवा दुसऱ्या खात्यात त्यानं अर्ज केला, तर ना हरकत प्रमाणपत्र महिनोन्‌महिने कपाटात दाबून ठेवू नये. ते त्याच आठवड्यात सही करून द्यावं, आणि जाण्याआधी त्याचं काम शिकायला एक तरुण माणूस त्याच्या शेजारच्या टेबलावर बसवावा.