घरातल्या फेऱ्यांचा हिशोब

मागच्या शनिवारी बसल्या बसल्या हुक्की आली आणि एक एक्सेल शीट उघडली. म्हटलं, आपल्या घरातली माणसं आठवडाभरात कुठे, कशाने, किती वेळा जातात ते लिहून काढू. माणसं चार: मी, बायको, सात वर्षांचे चिरंजीव आणि आई.

खात्री होती की सगळ्यात जास्त प्रवास माझाच. कोथरूड ते हिंजवडी आणि परत, वर चांदणी चौक! किलोमीटरमध्ये मी जिंकलोही. पण फेऱ्या दिवसाला दोनच. जाणं आणि येणं, बस्स. बायकोच्या एका मंगळवारी आठ निघाल्या. घरून शाळा, शाळेतून ऑफिस, येताना मंडई, मग घर, परत पोराला क्लासला सोडणं, तो सुटेपर्यंत आईची औषधं, पुन्हा क्लास, पुन्हा घर. सगळं स्कूटरवर. हे कुणी बसने करून दाखवावं, मी नोकरी सोडतो.

आपल्याकडे प्रवास म्हणजे ऑफिसचा प्रवास. 2011च्या जनगणनेतही विचारलं ते कामाच्या जागेचं अंतर आणि तिथे कशाने जाता, एवढंच. भाजीची पिशवी त्यात कुठेच नाही. जे मोजलंच नाही त्यासाठी बस कोण सोडणार?

2022च्या मार्चमध्ये वनाझहून मेट्रो सुटली तेव्हा मी पेढे वाटायचाच बाकी होतो. 2024 मध्ये ती रामवाडीपर्यंत गेली. पुढे बायकोला खराडीत चांगली ऑफर आली, तर मी म्हटलं, मेट्रोने जा की! ती म्हणाली, "अरे, मी जाईन. पण साडेसहाला ह्याला क्लासला कोण सोडणार, मेट्रो?" ऑफर गेली. (मी लवकर निघू शकलो असतो का? हा प्रश्न तेव्हा सुचला नाही, हेही लिहून ठेवतो.)

मेट्रो हवीच. पण घराभोवतीच्या दोन-तीन किलोमीटरसाठी दर दहा मिनिटांनी छोटी बस आणि सलग फूटपाथ मिळाला, तर आमच्या घरातल्या निम्म्या फेऱ्या सुटतील.

आईचा रकाना सगळ्यात सोपा होता. आठवड्यात एकदाच बाहेर, डॉक्टरकडे, रिक्षाने. पूर्वी दर गुरुवारी बसने डेक्कनला मैत्रिणीकडे जायची. ते का बंद केलंस विचारलं, तर म्हणाली, "स्टॉप पलीकडे आहे रे. रस्ता ओलांडवत नाही आता."

मी तिच्या नावापुढे 'गरज नाही' असा शेरा टाकला होता. तो खोडला.