मुदत नसलेली कैद

१९१६ साली बंगाल सरकारने मौलाना अबुल कलाम आझादांना कलकत्ता सोडायला सांगितलं. जायचं कुठे, ते त्यांचं त्यांनी बघायचं होतं. पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत आणि मुंबई या सरकारांनी त्यांना आधीच प्रवेशबंदी केली होती. मुंबई इलाखा म्हटला की त्यात आपले पूर्व आणि पश्चिम खानदेशही आले. जळगावच्या फलाटावर चहा प्यायला उतरले असते, तरी हुकूम मोडला असता. उरला बिहार. ते रांचीला गेले आणि सहा महिन्यांत तिथेच स्थानबद्ध झाले, ते १९१९ संपेपर्यंत. सव्वीस वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे, याच मुंबई इलाख्यात त्यांना पकडून अहमदनगरच्या किल्ल्यात बंद केलं गेलं. पूर्वी ज्या इलाख्यात पाऊल टाकायचं नव्हतं, तिथून आता बाहेर पाऊल टाकायचं नव्हतं.

दोन्ही वेळा आरोपपत्र नव्हतं, खटला नव्हता, सुटकेची तारीख नव्हती.

खानदेशात तुरुंग म्हटलं की आपल्याला धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२मध्ये विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. अभिमानाने सांगावी अशीच ही गोष्ट आहे. पण विनोबांना शिक्षा झाली होती, सहा महिन्यांची. शिक्षेच्या कैद्याला दिवस मोजता येतात. स्थानबद्धाला मोजायला काहीच नसतं. त्याचं घोंगडं सरकारच्या मर्जीवर भिजत पडतं. हा दुसरा प्रकार आपल्या तुरुंगकथांत फारसा येत नाही, आणि पहिल्या महायुद्धात तो ज्यांच्यावर वापरला गेला, ती माणसं तर त्याहून कमी येतात.

नोव्हेंबर १९१४मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात ओढला गेला. तुर्कस्तानचा सुलतान हाच खलिफा. त्यामुळे खलिफाबद्दल आस्थेने लिहिणारा हिंदुस्थानी मुसलमान संपादक सरकारला शत्रूचा माणूस वाटू लागला. आझादांचं ‘अल-हिलाल’ हे साप्ताहिक जामिनाची रक्कम जप्त होऊन बंद पडलं, महंमद अलींच्या ‘कॉम्रेड’चंही तेच झालं. मार्च १९१५मध्ये भारत संरक्षण कायदा आला आणि मे महिन्यात महंमद अली व शौकत अली हे बंधू स्थानबद्ध झाले. त्यांना आधी मेहरौलीला, मग लॅन्सडाउनला आणि शेवटी छिंदवाड्याला ठेवलं. छिंदवाडा म्हणजे नागपूरच्या वरच्या अंगाचा, मराठी मुलखाला लागून असलेला जिल्हा. देवबंदचे मौलाना महमूद हसन यांना तर हेजाजमध्ये पकडून माल्टा बेटावर नेलं. ते १९२०च्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरले. बंगालच्या क्रांतिकारकांवरही हाच कायदा चालला, हे खरं. पण मुसलमान संपादक आणि मौलवींच्या बाबतीत संशयाची सुरुवातच त्यांच्या श्रद्धेपासून होत होती. 

१९१७मध्ये अली बंधूंसमोर एक कागद ठेवण्यात आला. बादशहाच्या शत्रूंना मदत करणार नाही असं लिहून द्या आणि घरी जा. बंधू सही करायला तयार होते. इस्लामवरच्या आमच्या निष्ठेला बाध न येता, एवढे शब्द त्यांना त्यात हवे होते. सरकारने नकार दिला आणि ते छिंदवाड्यातच राहिले.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये ॲनी बेझंट याच युद्धकाळातल्या नियमांखाली स्थानबद्ध झाल्या. देशभर सभा झाल्या, ओरड झाली आणि सप्टेंबरमध्ये त्या सुटल्या. डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसचं अध्यक्षपदही त्यांना मिळालं. त्याच दिवसांत, त्याच शहरात मुस्लिम लीगचं अधिवेशन होतं. त्याचे निवडलेले अध्यक्ष होते महंमद अली. ते छिंदवाड्यात, म्हणून खुर्ची रिकामी; बोलायला उभी राहिली ती त्यांची आई, बी अम्मा. काँग्रेसमध्ये अली बंधूंच्या सुटकेच्या ठरावावर टिळक बोलले. मंडालेला सहा वर्षं काढून आलेल्या माणसाला कैदेतला फरक समजावून सांगायला नको होता. तरीही अली बंधूंना सुटायला आणखी दोन वर्षं लागली. एकाच कायद्याखालच्या दोन स्थानबद्धांसाठी देश सारखा ओरडत नाही, हे १९१७मध्येच दिसून आलं होतं.

युद्ध संपलं तरी सरकारला या हत्याराची सवय सुटेना. त्या सवयीतून १९१९चा रौलट कायदा आला. ‘न वकील, न दलील, न अपील’ ही घोषणा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. हा अनुभव चार वर्षं आधीपासून कोण घेत होतं, ते मात्र शाळेत कुणी सांगितलं नाही.

आता नगरचा किल्ला. शहराला आज अहिल्यानगर म्हणतात. १९४२मध्ये तिथे काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण होते. त्यात आझाद, आसफ अली आणि डॉ. सय्यद महमूद हे तिघे मुसलमान. धर्म बघून कुणाला तिथे आणलं नव्हतं. पण काँग्रेस ही हिंदूंची संस्था असा लीगचा प्रचार जोरात होता आणि तिचा अध्यक्ष आझाद होता, ज्याला जिनांनी १९४०मध्ये दाखवण्यापुरता बाहुला ठरवलं होतं. सरकारच्या लेखी बंडखोर, लीगच्या लेखी बाहुला.

या किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच आवारात आझादांनी उर्दूत पत्रं लिहिली. ती हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राच्या नावाने होती, पण टपालात पडली नाहीत. ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून १९४६मध्ये छापली गेली. माझ्या मते दोन्हींत हे पुस्तक जास्त मोकळं आहे. खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी आधी युद्ध, मग तह, आणि त्यांची नावं कलंदर, मुल्ला, सूफी! चहाबद्दलची त्यांची मतं वाचून खानदेशी माणूस रागावेल. त्यांना बिनदुधाचा चिनी चहा हवा, आणि दूध घातलेला आपला चहा त्यांना पातळ शिरा वाटतो.

त्याच पुस्तकात ११ एप्रिल १९४३चं पत्र आहे. कलकत्त्यात पत्नी झुलेखा बेगम आजारी होत्या. सरकारला काही कळवायचं असेल तर लगेच पाठवतो, असं किल्ल्याच्या अधिकाऱ्याने सुचवलं. आझादांनी काहीही मागितलं नाही. ९ एप्रिलला त्या गेल्याची तार आली. हे मोठेपण की हट्ट, यावर वाद घालता येईल; मला त्यात दोन्ही दिसतात. पुढच्या वर्षी सय्यद महमूदांनी व्हाइसरॉयला पत्र लिहिलं आणि ते सुटले. सोबत्यांना ते लागलं. मी त्यांना दोष देणार नाही. मुदत नसलेल्या कैदेचा हेतूच असतो की माणसाने एक दिवस स्वतः अर्ज करावा.

झुलेखा बेगम गेल्यावर तेराच दिवसांनी, २२ एप्रिल १९४३ला, फेडरल कोर्टाने मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात निकाल दिला. ज्या नियमाखाली देशभर माणसं डांबली होती, तो नियम २६ भारत संरक्षण कायद्यात बसत नाही, असं सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांचं कोर्ट म्हणालं. आठवडाभरात सरकारने वटहुकूम काढून कायदाच नियमाच्या मापाचा करून घेतला. आझाद १५ जून १९४५ला सुटले, तेही नगरहून नाही, बंगालमधल्या बांकुऱ्याहून.

स्वतंत्र भारताने प्रतिबंधक स्थानबद्धता घटनेच्या कलम २२मध्येच ठेवली. १९७१मध्ये ‘मिसा’ हा बिनखटला डांबण्याचा कायदा आला. ४ जुलै १९७५ला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमात-ए-इस्लामी या दोघांवर एकाच दिवशी बंदी आली आणि दोघांची माणसं येरवड्यात एकाच भिंतीआड राहिली. त्या मिसाबंदींना आज राज्य सरकार मानधन देतं. द्यावं. पण धुळ्या-जळगावात या मानधनाचे कार्यक्रम होतात, तेव्हा भाषणांत बिनखटल्याच्या कैदेचा इतिहास १९७५पासून सुरू होतो. तो १९१५पासून सांगायला हवा, छिंदवाडा आणि रांचीसकट. आपल्याकडे उर्दू शाळा आहेत, मराठी शाळा आहेत. अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक मराठीत लिहून ठेवलं आहे. दोन्ही शाळांतल्या नववीच्या वर्गांना एकत्र बसवून चिमण्यांचं ते पत्र मराठीत वाचून दाखवायला सरकारी परवानगीही लागणार नाही.