धारूरचा किल्ला काय सांगतो?



मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलाने घरच्या मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला. अझरबैजान आणि आर्मेनिया यांचे भांडण म्हणजे मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती, आणि सगळे मुसलमान देश एका बाजूला, असा त्याचा मतलब. वाचून झाल्यावर त्याने विचारले, "हे खरे आहे का?"

आम्ही फळ्यावर नकाशा काढला. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि त्याचे पंधरा देश झाले. त्यांतले जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान हे तीन छोटे देश कॉकेशसच्या डोंगरात एकमेकांना खेटून आहेत. अझरबैजानात शिया मुसलमान जास्त; पण शिया इराणची जुनी ऊठबस ख्रिस्ती आर्मेनियाशी. अझरबैजान शस्त्रे घेतो इस्राएलकडून, आणि त्याच्या पाठीशी उभा राहतो तो सुन्नी बहुसंख्य तुर्कस्तान, कारण दोघांची भाषा जवळची. जॉर्जिया ख्रिस्ती, तरी अझरबैजानचे तेल तुर्कस्तानला जाते ते त्याच्याच जमिनीतून. आर्मेनियाची भिस्त रशियावर होती. 2020 आणि 2023 मध्ये तो कामी आला नाही, तेव्हा आर्मेनियाने नवे दोस्त शोधले. शस्त्रांसाठी तो आपल्या भारताकडेही आला. मुलगा म्हणाला, "मग मेसेजमधले काहीच जुळत नाही."

जुळणार कसे? पण हे समजायला कॉकेशसपर्यंत जायची गरज नाही. आपल्या केजहून थोड्या अंतरावर धारूरचा किल्ला आहे. तो पुरेसा आहे.

दख्खनमध्येही असेच एक मोठे राज्य फुटले होते. 1347 मध्ये उभी राहिलेली बहमनी सल्तनत महमूद गावानच्या कत्तलीनंतर (1481) खिळखिळी झाली आणि तिच्यातून पाच शाह्या निघाल्या: अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बिदरची बरीदशाही. पाचही सुलतान मुसलमान. तरी भांडणे संपेनात. निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे फरिश्ता लिहितो. ते पाथरी वऱ्हाडच्या ताब्यात, म्हणून त्यासाठी लढाया. सोलापूरसाठी विजापूर आणि अहमदनगर यांच्या तर पिढ्या लढल्या. बुऱ्हाण निजामशहाने विजयनगरच्या रामरायाला सोबत घेऊन विजापूरवर चाल केली. पुढे विजापूरच्या अली आदिलशहाने त्याच रामरायाला घेऊन अहमदनगरवर चाल केली.

मग रामरायच जड होऊ लागला, तेव्हा सोयरिकी झाल्या. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि भांडणाचे मूळ असलेले सोलापूर आंदण म्हणून गेले. 23 जानेवारी 1565 रोजी चार सुलतानांनी मिळून तालिकोटच्या लढाईत रामरायाला हरवले.

एवढे झाल्यावर दोस्ती टिकावी ना? 1567 मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, विजापूरचा सरदार किश्वर खान निजामशाही मुलखात घुसला आणि त्याने धारूरला किल्ला बांधला. हुसेनचा मुलगा मुर्तझा निजामशहा चालून आला. किश्वर खान मारला गेला, किल्ला निजामशाहीत गेला आणि धारूरचे नाव फतेहाबाद झाले. फतेह कोणावर? सख्ख्या बहिणीच्या सासरावर! त्या वेळी दोन्ही दरबार शिया होते. धर्म एक, फिरका एक, घरात सोयरीक. तरी तोफा सुरूच.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. 1574 मध्ये अहमदनगरने वऱ्हाड गिळले, 1619 मध्ये विजापूरने बिदर. अहमदनगरच्या गादीवरून सरदार भांडले आणि त्यांच्यातल्याच एका गटाने मोगलांना बोलावले. विधवा चांदबीबीने माहेरचा किल्ला लढवला. विजापूर आणि गोवळकोंडा तेव्हा कुठे मदतीला धावले. पण 1597 मध्ये गोदाकाठी ही एकत्र फौज हरली आणि 1600 मध्ये चांदबीबीला तिच्याच माणसांनी मारले. 1636 मध्ये निजामशाही संपली, 1686 मध्ये विजापूर आणि 1687 मध्ये गोवळकोंडा गेले. हे शेवटचे दोन घाव घालणारा औरंगजेबही मुसलमानच.

हा इतिहास आपल्या मुलांना दोन तऱ्हांनी चुकीचा सांगितला जातो. बाहेर सांगतात, सुलतान सगळे एक होऊन हिंदूंशी लढले. घरात आपण सांगतो, आपले बादशहा सगळे भाऊ-भाऊ होते. दोन्ही गोष्टी धारूरच्या तटाला धडकून फुटतात. मालोजी भोसले निजामशाहीचे सरदार होते, हेही त्याच इतिहासात आहे.

राजे जमिनीसाठी, महसुलासाठी, गादीसाठी लढतात आणि नाव दीनचे घेतात. घर सुटते ते साध्या माणसाचे. काराबाखमधून नव्वदच्या दशकात लाखो अझरबैजानी उठले, 2023 मध्ये लाखभर आर्मेनियन. त्यांतल्या कुठल्या आईचे दुःख आपण कमी मोजायचे?

सूरह अल-हुजुरातमध्ये खबर आली की आधी तपासून घ्या, असा हुकूम आहे. आणि दोन गट लढले तर त्यांच्यात इन्साफने सुलह करा, असाही. आधी तपास, मग इन्साफ. मेसेज पुढे ढकलणे या दोन्हींत कुठेच बसत नाही.

या सुट्टीत मुलांना धारूरला न्या. किल्ला दाखवा आणि विचारा: हा कोणी बांधला, कोणी घेतला, आणि दोघे एकमेकांचे कोण लागत होते?