जुन्या कॉमिक्सची डागडुजी: जतन की नुकसान?

जून १९३८ अशी तारीख छापलेला आणि १० सेंट किंमत असलेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक म्हणजे सुपरमॅनचा जन्मदाखला. त्याची एक प्रत एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेतील लिलावात ६० लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५० कोटी रुपयांना विकली गेली. तिला दहापैकी ८.५ गुण होते आणि ती मूळ स्थितीत होती. ८५ वर्षांहून जुन्या रद्दी कागदाला ही किंमत मिळण्यामागे दुर्मिळता आहेच. पण त्या कागदाला कोणीही सुधारण्याचा प्रयत्न केलेला नव्हता, हे कारणही तितकेच मोठे आहे.

सर्वसामान्य व्यवहारात डागडुजी केलेल्या वस्तूची किंमत वाढते. जुने घर रंगवले, जुनी मोटार दुरुस्त केली की चार पैसे अधिक मिळतात. कॉमिक्सच्या बाजारात मात्र नेमके उलटे घडते, आणि नवखा संग्राहक येथेच फसतो. २०१३मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात जुन्या घराची भिंत फोडताना याच पहिल्या अंकाची एक प्रत सापडली. घरातील ओढाताणीत तिचे मागील मुखपृष्ठ फाटले. अवघे १.५ गुण मिळूनही ती प्रत १ लाख ७५ हजार डॉलरना गेली. ती फाटकी प्रत फाटकीच विकण्यात शहाणपण होते. तिला नवे कोपरे लावून, रंग भरून देखणे केले असते, तर तिची गणना वेगळ्या आणि कमी मानाच्या वर्गात झाली असती.

हा वर्गभेद पूर्वीपासून नव्हता. १९७० आणि १९८०च्या दशकांत अमेरिकी संग्राहक हौसेने कॉमिक्स दुरुस्त करून घेत. गेलेला कोपरा जपानी कागदाने भरायचा, उडालेला रंग कुंचल्याने लावायचा, कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून किंचित कापायच्या, हा सारा प्रकार तेव्हा कौतुकाचा होता. २०००मध्ये 'सीजीसी' या कंपनीने प्रती तपासून, गुण देऊन, प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करण्याचा धंदा सुरू केला आणि चित्र पालटले. मूळ स्थितीतील प्रतीला निळे लेबल आणि सुशोभित केलेल्या प्रतीला जांभळे, अशी विभागणी झाली. जांभळ्या लेबलाला संग्राहकांनी 'मृत्यूचे लेबल' असे नाव दिले, यावरून बाजाराचा कल ध्यानात यावा. तेवढेच गुण असूनही जांभळ्या लेबलाची प्रत निळ्याच्या तुलनेत बरीच स्वस्त जाते. पुढे तर एकेकाळी पैसे खर्चून लावलेला रंग आणि कागद पुन्हा पैसे खर्चून काढून टाकण्याची सेवाही सुरू झाली. गुण घटले तरी चालतील, पण लेबल निळे हवे, असा हा अजब व्यवहार आहे.

यामागचे तर्कशास्त्र सर्वस्वी खुळचट आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. दुरुस्ती लपवता येते, हे त्याचे मूळ. कुशल हाताने भरलेला रंग उघड्या डोळ्यांना दिसत नाही. अतिनील प्रकाशात तो वेगळा चमकतो. कडा केसभर कापली तर ते ओळखायला आकाराची काटेकोर मोजणी करावी लागते. खरेदीदाराची भीती दुरुस्तीपेक्षा लपवाछपवीची असते. तरीही या नियमात विसंगती आहेच. उष्णता, दाब आणि थोडी आर्द्रता वापरून घड्या सपाट करणे, ज्याला तेथे 'प्रेसिंग' म्हणतात, ते सीजीसीच्या लेखी दुरुस्तीत मोडत नाही. त्याने गुण वाढतात, किंमत वाढते आणि लेबल निळेच राहते. मूळ स्थितीची महती गाणाऱ्या बाजाराने स्वतःच्या सोयीची एक पळवाट ठेवली आहे, असे म्हणणाऱ्या जुन्या संग्राहकांचा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे.

या वादात कालांतराने एक मधला मार्ग निघाला. सुशोभन आणि संवर्धन यांत फरक केला गेला. फाटलेली घडी पातळ जपानी कागद व गव्हाच्या स्टार्चच्या खळीने सांधणे, निखळलेले मुखपृष्ठ जागेवर बसवणे, कागदातील आम्ल कमी करणे या गोष्टी प्रत टिकावी म्हणून केल्या जातात, आणि वापरलेले साहित्य पुढे पाण्याने सोडवता येते. अशा प्रतींसाठी आता स्वतंत्र वर्ग आहे. गुणांचे आकडे बाजूला ठेवले तर संग्राहकासाठी कसोटी एवढीच उरते: केलेले काम उद्या उलटवता येईल काय? कापलेली कडा परत येत नाही, लावलेली खळ मात्र निघते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हा प्रश्न सुपरमॅनपेक्षा वेताळाचा आहे. टाइम्स समूहाने १९६४मध्ये सुरू केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने फँटमला वेताळ म्हणून मराठी घरांत आणले. मँड्रेक आला, १९७६मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, आणि १९९०मध्ये मालिका बंद पडली. अनंत पै यांच्या 'अमर चित्र कथा'चा आरंभ १९६७चा. त्यातील अनेक पुस्तके पुन्हा पुन्हा छापली गेल्याने मजकूर हरवण्याची भीती नाही. इंद्रजालचे तसे नाही. त्याच्या मराठी अंकांचे भवितव्य मुख्यत्वे घरोघरीच्या माळ्यांवर आणि मोजक्या संग्राहकांच्या कपाटांवर अवलंबून आहे.

हे अंक स्वस्त, लगद्याच्या कागदावर छापलेले. अशा कागदात लाकडातील लिग्निन राहते. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, आम्ल वाढते आणि शेवटी पान दुमडताच तुकडा पडतो. त्यात मुंबई-कोकणचा पावसाळा. पिना गंजतात आणि गंज कागदात उतरतो. कसर आणि झुरळे खळीवर तुटून पडतात. एडगर चर्च यांचा प्रसिद्ध संग्रह १९७७मध्ये उजेडात आला, तेव्हा त्यातील जुनी कॉमिक्स नव्यासारखी निघाली. कारण तो कोलोरॅडोच्या थंड, कोरड्या हवेत राहिला होता. दादर वा गिरगावातल्या माळ्याला ते भाग्य नाही.

आणि हवामानापेक्षाही अधिक नुकसान आपल्याकडे प्रेमाने केलेल्या डागडुजीने झाले आहे. फाटलेल्या पानावर चिकटपट्टी हा घरगुती उपाय. काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि चिकट द्रव्य तपकिरी डाग होऊन कागदात मुरते. मुखपृष्ठाला उष्णतेने केलेले लॅमिनेशन तर कायमचेच. फिरत्या वाचनालयांनी दहा-बारा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधले. बाइंडरने तिन्ही बाजूंनी कटिंग केले आणि कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातले. मोरचुदाने कीड दूर राहते खरी, पण त्यातील तांबे कागदाचा ऱ्हास जलद करते. असे असूनही या बांधीव खंडांनी अनेक अंक रद्दीवाल्यापासून वाचवले, हेही मान्य करावे लागेल. सुटे अंक अधिक भावाने विकण्यासाठी असा खंड उसवणे हे मात्र शुद्ध नुकसान आहे. कटिंग झालेली कडा सुटी केल्याने भरून येत नाही आणि उसवताना कण्याजवळची पाने फाटतात.

मग भारतीय संग्राहकाने पैसे खर्च करावेत काय? केवळ नफ्याचा हिशेब मांडला तर उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. कागद-संवर्धन हे तासांच्या हिशेबाने चालणारे, प्रशिक्षित हातांचे काम आहे. एकेक पान सुटे करून, आम्लनाशक द्रावणात बुडवून, वाळवून पुन्हा जोडण्याचा खर्च बहुतेक इंद्रजाल अंकांच्या बाजारभावात बसणार नाही. तोच पैसा आम्लविरहित पुठ्ठे, पॉलिएस्टरची पाकिटे आणि जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवलेल्या कपाटावर खर्च केला, तर एका अंकाऐवजी शंभर अंक टिकतील. पीव्हीसीची स्वस्त प्लॅस्टिक पिशवी मात्र नको; ती काळाने चिकट होते.

अपवाद आहे तो तुकडे पडू लागलेल्या, दुसरी प्रत सहजी न मिळणाऱ्या मराठी अंकांचा. तेथे विक्रीमूल्याचा विचार गौण ठरतो. अशा अंकाचे आधी उत्तम प्रतीचे स्कॅनिंग करावे आणि मगच त्याला तज्ज्ञाचा हात लावावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे, 'इंटॅक'चीही संवर्धन केंद्रे आहेत. निदान सल्ल्यासाठी दार कोठे ठोठवावे हा प्रश्न पडू नये. काम रंगरंगोटीचे नसावे. उडालेल्या रंगाच्या जागी पांढरा कागद दिसला तरी चालेल, वाचनालयाचा शिक्का आणि मुखपृष्ठावर पेनाने लिहिलेले एखाद्या मुलाचे नावही राहू द्यावे. काय दुरुस्त केले, कोणत्या खळीने आणि केव्हा, याची पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी. अंक विकताना ती चिठ्ठी खरेदीदाराच्या हाती पडली पाहिजे, आणि ती नसेल तर खरेदीदाराने भाव ठरवण्यापूर्वी विचारले पाहिजे.