घेताना पुण्याचं माप, देताना मालेगावचं?

समजा, मालेगावची एक मुलगी घरी बसून पुण्यातल्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासते. पुण्यात राहणारा तिचा सहकारी तेच काम करतो. ग्राहक तोच, डेडलाइन तीच, चुकीची जबाबदारीही सारखीच. तरी तिचा पगार कमी, कारण काय, तर "तिकडे खर्च कमी असतो". हा न्याय आहे का?

मोठ्या कंपन्यांतही यावर एकमत नाही. घरून काम करणारे स्वस्त भागात गेले तर त्यांचा पगार त्या भागाप्रमाणे ठरेल, असं फेसबुकने मे २०२० मध्ये जाहीर केलं. एप्रिल २०२२ मध्ये एअरबीएनबीने उलट सांगितलं: देशात कुठेही राहा, पगार तोच. म्हणजे पगार कापणं ही सक्ती नाही, धोरण आहे.

पुण्या-मुंबईचं घरभाडं कंबर मोडतं, हे खरंच. पण त्यावरचा तोडगा आपल्याकडे जुना आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचं मूळ वेतन पदावर ठरतं, गावावर नाही. शहराप्रमाणे बदलतो तो घरभाडे भत्ता: मुंबई-पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के, मालेगाव, भिवंडी, सोलापुरात २० टक्के, लहान गावांत १० टक्के. कामाची किंमत वेगळी, राहण्याचा खर्च वेगळा, आणि दोन्ही कागदावर स्पष्ट.

आपल्यासाठी हा प्रश्न आणखी बोचरा आहे. "कुठे राहायचं ते तुम्ही निवडलंत" असं आपल्याला सांगितलं जातं. खरंच निवडलं? नाव ऐकून घर नाकारलं जाण्याचा अनुभव आपल्यात नवा नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही घर मिळवताना मुस्लिमांना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. कितीतरी मुलींना दुसऱ्या शहरात एकटं राहायला घरून परवानगी मिळत नाही. त्यांच्यासाठी घरून काम हेच नोकरीचं दार. आधी शहराने घर नाकारायचं आणि मग घर नाही म्हणून पगार कापायचा, ही दुहेरी शिक्षा झाली.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना माप मारणाऱ्यांना कडक इशारा आहे. तो फक्त किराणा दुकानदारासाठी नाही. १९८२ च्या रणधीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'समान कामाला समान वेतन' हे तत्त्व संविधानातूनच काढलं. खासगी कंपनीवर ते थेट लागू होत नसलं, तरी न्यायाची कसोटी म्हणून ते आपल्या हातात आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचा पगार मालेगावात मिळावा, असं माझं म्हणणं नाही. परदेशी काम भारतात येण्यामागे इथला कमी पगार हेही कारण आहे, हे नाकारून चालणार नाही. पण एकाच देशात, एकाच टीममध्ये, एकाच कामाचे दोन भाव का?

म्हणून ऑफर लेटर हाती आलं की तीन प्रश्न विचारा. मूळ पगार कामावर ठरलाय की पत्त्यावर? शहराशी जोडलेला भत्ता किती? उद्या मी गावी परतले तर काय कमी होईल? उत्तरं ईमेलवर लेखी घ्या.

आणि आपल्यातले जे उद्योजक 'आपलीच मुलं, स्वस्तात मिळतात' म्हणून मालेगाव-भिवंडीतून भरती करतात, त्यांनी हे माप आधी स्वतःला लावावं. कौमची सेवा कमी पगारातून होत नाही.